अक्षराचे केस

हलशीची बस चुकली म्हणून
ती माझ्या दुकानाच्या सावलीला बसली, खानापूर स्टँडसमोर.
मी काळं फासलेली पाटी रॉकेलनं पुसत होतो.
धारवाडला शिकते. हिंदी मोडकी, माझीही.
नाव कोलाप.
म्हणजे? फोनवर फूल दाखवलं.
अगं, गुलाब!

ब्रश मागितला, पत्र्यावर नाव काढलं,
गोलगोल, कानडीची लांबची भाची वाटावी असं.
वरच्या ह्या नागमोडीला काय म्हणता?
केस, म्हणाली. अक्षराचे केस.
कानडी तलेकट्टू म्हणते, डोईला बांधलेलं.
आमचं मराठी डोईवर वासाच घेऊन चालतं.
आणि जोडाक्षराला आम्ही पाय मोडतो,
त्यांच्यात अक्षराला खाली पाय फुटतात.

आजोबा क्रू होते. क्रू म्हणजे गुरू.
त्या वर्षांत त्यांनी चष्मा तळ्यात टाकला,
विचारणाऱ्याला सांगितलं, वाचता येत नाही,
सायकलरिक्षा ओढतो.
रात्री मांडीवर बोटानं मुळाक्षरं,
शेवटापर्यंत जाऊन
परत पहिल्याकडे.

मी पाटी पुसत राहिलो.
डांबराखालून 'शाळा' तेवढं वर आलं.
काय लिहिलंय? सांगितलं.
आमच्यातही तेच, म्हणाली, साला.
मला हसू आलं. का ते तिला सांगितलं नाही.

बस आली.
पत्रा तसाच आहे, रंग बघायच्या फटकाऱ्यांत.
परवा ऑफिसातला माणूस बोट दाखवून म्हणाला,
मोनाप्पा, ही कुठली भाषा? परवानगी आहे?
गुलाब आहे, साहेब.
हात लावू नका,
ओला आहे अजून.