दोन बोटं

सरकारी घोडा आला तो झूल पांघरून,
सोबत त्याची स्वतःची ओटांची पोती.
कप्तानाने आमच्या घोड्यांना पट्टी लावली :
तोफेसाठी दोन बोटं कमी.
"जात सुधारायची," दुभाष्या म्हणाला.
सासरे, जानुझाक, तपकीर ओढत राहिले.

पोती संपली. स्तेपवर बर्फ गुडघाभर.
तो नुसता उभा, कुणी वाढेल म्हणून.
करड्या घोडीने खुरांनी बर्फ उकरला,
तिच्याच खड्ड्यात त्याने तोंड घातलं.
चावली नाही ती.
मला तिचा रागच आला.

चार वर्षांनी पुन्हा पट्टी.
तिचं पोर बापासारखं उंच,
उकरायला मात्र आईवर गेलेलं.
सासऱ्यांनी लगाम धरून ते उभं केलं
मी रात्री खणलेल्या,
गवताने बुजवलेल्या खळग्यात.
पट्टी काठावर टेकली.

दोन बोटं कमी,
कप्तानाने लिहिलं.