जंगी

श्रॉपशायरमधल्या ऑल्डरविकच्या टेकडीवर
किल्ला उरलाय म्हातार्‍याच्या तोंडात दात उरावेत तसा:
चार इथे, दोन तिथे, मधे वारा.

बाकीचा खाली उतरला बैलगाड्यांतून,
सतराशे नऊच्या उन्हाळ्यात.
विधवा हेस्टर प्रॉथरोने मृत्युपत्रात लिहिलं होतं:
बारा अनाथ मुली, लिहिणं, वाचणं,
निळा झगा, वर्षाला बुटांचा एक जोड.
दगडाला पैसे पडणार नव्हते.

गवंड्याने एक जंगी तशीच उचलून
वर्गाच्या भिंतीत बसवली,
आतून ऐसपैस, बाहेरून चिंचोळी.
जिथून माणसांवर नेम धरायचे
तिथून सकाळी दहाला
उजेडाची एक पट्टी पाटीवर येते
आणि सरकत राहते.

जुन्या वहीत नोंद आहे: टॅमसिन गेल, वय नऊ.
‘उजेडामागे बाक ओढत नेते. छड्या दोन.’
पुढल्या पानावर पुन्हा तेच. छड्या चार.
मग शाई बदलते, अक्षर बदलतं,
कुणीतरी एवढंच लिहिलंय:
‘बाक ओढू द्यावा.’

वही मी कपाटात ठेवली.
जंगीत कोपर टेकवून वर पाहिलं.
किल्ल्यात मेंढ्या शिरत होत्या,
कुणालाही न विचारता.