तिसरा पर्याय

तार्तूमध्ये, नदीच्या अलीकडे, ग्रंथालयाच्या तळघरात
बुटांचे चौदा खोके आहेत.
त्यांत एक राज्य आहे.
अकरा वर्षं ते दर गुरुवारी थोडं थोडं वाढतंय :
कार्डावर एक प्रसंग, प्रसंगाखाली दोन वाटा,
वाटेपुढे दुसऱ्या कार्डाचा आकडा.
मिठाचा किल्ला लेलोचा. ती औषधांच्या दुकानात असते,
म्हणून तिच्या चेटकिणींचं माप कधी चुकत नाही.
कुलपं सगळी उर्मासची.
ड्रॅगन कुणाचा, ते आता कुणालाच आठवत नाही.

वीविका आली फेब्रुवारीत,
दारात बुटांवरचा बर्फ झटकत. एकोणीस वर्षांची,
रेल्वे स्टेशनवर
हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीमागे बसणारी.
तिला नियम सांगितले :
दुसऱ्याचं पात्र न विचारता मारायचं नाही.
शाईवर शाई चालवायची नाही.
वाचणाऱ्याला 'तू'च म्हणायचं.

(इथे मला थांबावं लागतं.
त्यांच्या भाषेत क्रियापद विचारत नाही,
'तू' बाई की बाप्या.
माझी मराठी उंबरठ्यावरच अडवते :
आलास, की आलीस?
म्हणून त्या राज्यात मी
आज्ञार्थ आणि भविष्यकाळ एवढेच घेऊन हिंडते.)

सगळ्यांना वाटलं, नवी पोर,
पंखवाला घोडा आणेल. सगळेच आणतात.
प्रीडिकने तर तीन आणले होते.
नाहीतर एखादी राजकन्या, हिच्यासारख्याच केसांची.

तिने पेनाचं टोपणसुद्धा काढलं नाही.
चार गुरुवार नुसती वाचत बसली
आणि वहीत हिशेब मांडला :
मरणाची कार्डं एकशे सात.
त्यांच्या अलीकडचं एक तिने उचललं, सहाशे बारा.

    कड्याच्या टोकावर तू. मागे ड्रॅगन.
    १. उडी मार.
    २. तलवार उपस.

दोन्ही वाटा एकाच कार्डावर जात : 'संपलं.'
अक्षर उर्मासचं.
तो हिवाळा त्याला जड गेला होता,
एवढंच लेलो बोलली, आणि चहा ओतायला उठली.

वीविकाने काही खोडलं नाही.
पेन्सिलीने, पुसता येईल इतकं फिकट, खाली लिहिलं :

    ३. हातमोजे काढ.

"आणि मग?" प्रीडिक. "बोटांतून आग?"
"नाही."
"मग ड्रॅगन काय करेल?"
"बाहेर उणे एकोणीस आहे," ती म्हणाली.
"त्याला दिसेल की, हात उघडे आहेत."

तिच्या खिडकीशी म्हणे
छत्री विसरलेले लोक परत येत नाहीत.
पण एका हातमोज्यासाठी थेट वाल्गाहून येतात,
जोडीतला दुसरा खिशात घेऊन,
पुरावा म्हणून.

वाद झाला. लेलोच्या मते
हातमोजे काढणं म्हणजे काही करणं नव्हे.
प्रीडिकला निदान एक तरी पंख हवा होता.
उर्मासने कार्ड दिव्याखाली धरलं,
बंद कुलूप धरावं तसं, कानाच्या जरा जवळ.
ओळीवरून अंगठा फिरवला. थोडी पुसली गेली.
मग त्याने ती शाईने गिरवली,
स्वतःच्या नाही, तिच्याच अक्षराच्या वळणाने,
आणि पुढे आकडा घातला : १८४४.

अठराशे चव्वेचाळीस कोरं आहे.
एप्रिल सरत आला, नदीवरचा बर्फ गेला,
तरी कोरंच.
गुरुवारी कुणीतरी ते उचलतं, बघतं,
परत खोक्यात ठेवतं.

तू सहाशे बारावर पोचशील
तेव्हा मागे श्वास ऐकू येईल.
उडी जागच्या जागी असेल, तलवारही.
घाई करू नकोस.
डावा आधी काढ.
तो नेहमीच जरा घट्ट असतो.