न निघालेला प्रवासी

दर मंगळवारी सकाळी नऊ वाजता
मी एका माणसाचं तिकीट बघते
जो कुठेच जाणार नाही.
रेक्याविक ते कोपनहेगन, एक बॅग, सीट कुठलीही.
दोन आठवड्यांनंतरची तारीख, मग दोन महिन्यांनंतरची.
आकडा उतरवते, पान मिटते.
सांख्यिकी कार्यालयात सव्वीस वर्षं
मी त्याला असा निघता निघता थांबवून ठेवलाय.
नाव कुणी दिलं नाही.
मी मनात आउस्वाल्दुर म्हणते.
कोपनहेगनला त्याचं काय काम आहे तेही मला ठाऊक आहे,
पण तक्त्यात त्याला रकाना नाही.

मग एका वसंतात लोआ आली.
लोआ हा आमच्याकडचा पक्षी, हिवाळा संपल्याची वर्दी देणारा;
ही मात्र शेपटीवर पिवळा ठिपका रंगवलेली
भाड्याची चार विमानं.
जुन्या कंपनीनं सोमवारी तीन हजार क्रोना उतरवले,
लोआनं मंगळवारी चार,
बुधवारी जुनीनं बॅग फुकट केली,
गुरुवारी लोआनं लहान मूल.
दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ:
त्या उन्हाळ्यात अख्खा देश तिसरा होता.
माझी नणंद दाढ काढायला बुडापेस्टला गेली,
विमान आणि दंतवैद्य मिळून
इथल्या दाढेपेक्षा स्वस्त.
निर्देशांक दशांशाच्या दुसऱ्या घरात हलला,
खाली.
मध्यवर्ती बँकेचे गृहस्थ टीव्हीवर चक्क हसले.
एवढ्या पैशात निदान इंधन तरी येतं का,
हे कुणी विचारलं नाही.
मीही नाही. माझं काम उतरवून घेण्याचं.

ऑक्टोबरात लोआ गेली. पक्षी तर आधीच गेले होते.
पहाटे चारला एक ओळीचा संदेश,
केफ्लाविकच्या फरशीवर आपापल्या बॅगांवर बसलेली माणसं,
आणि त्या मंगळवारी माझ्या पडद्यावर
एकच नाव.
आकडा वाचला.
चष्मा पुसून परत वाचला.

डिसेंबरात ईसाफ्योर्दुरहून बर्गस्वेनचा फोन आला.
आमच्याकडे घराचं कर्ज महागाईला बांधलेलं असतं,
निर्देशांक चढला की मुद्दलही चढतं,
भरतीला धक्क्यावरची होडी चढावी तसं.
अकरा वर्षं फेडतोय, म्हणाला, आणि घेतलं त्याहून जास्त देणं आहे.
बातम्यांत म्हणतात विमानभाड्यामुळे.
बाई, मी पोहण्याच्या तलावावर राखणीला असतो.
चौऱ्याण्णव सालापासून विमानात पाऊल टाकलं नाही,
भीती वाटते, लपवत नाही.
मग कोपनहेगनचं भाडं
माझ्या छपराला कसं चिकटलं?

मी टोपली समजावली.
दूध, बूट, केस कापणं, वीज,
सगळ्यांच्या टोपलीत सगळ्यांचं थोडं थोडं,
तिकिटाचं वजन शंभरात जेमतेम दोन.
पलीकडे पोरं पाण्यात उड्या मारत होती,
त्यानं कुणाला तरी दटावलं, मग म्हणाला,
म्हणजे दरसाल थोडा थोडा मी उडतोच आहे.
म्हटलं, हो.
जेवण देतात का?
म्हटलं, हल्ली नाही देत.
तो हसला की खोकला, कळलं नाही.

रात्री घरी बसून हिशेब केला,
कामाचा नव्हे, माझा:
बर्गस्वेनच्या हप्त्यात आउस्वाल्दुरचा वाटा.
महिन्याला एक कॉफी आणि अर्धा पाव,
अजून एकोणतीस वर्षं.
फार नाही. फार नाही, असं मी दोनदा लिहिलं.

या मंगळवारी पान उघडलं तेव्हा बाहेर अजून अंधार होता.
गंमत म्हणून आउस्वाल्दुरला खिडकीजवळची सीट दिली.
पडद्यानं त्याचे वेगळे पैसे लावले.
क्षणभर तसंच राहू दिलं:
डाव्या हाताला पंख, खाली बंदराचे दिवे,
मांडीवर हात घट्ट धरून बसलेला,
ओळखीचा वाटणारा, तलावाच्या क्लोरीनचा वास येणारा माणूस.

नियमात बसत नाही.
सीट काढून टाकली, कुठलीही केली,
आणि आकडा उतरवला.