चांदमारीनंतर

लळिंगच्या पायथ्याला, मे महिन्यात,
सकाळी नऊलाच मातीचा बांध भाजून निघतो.
दहा गोळ्यांत चारदा अडकली माझी रायफल.
दर वेळी तेच: बोल्ट अर्ध्यावर येऊन थांबायचा
आणि पितळेचं टोक वाकडं होऊन बघत राहायचं माझ्याकडे.

परतीच्या गाडीत ज्याच्या त्याच्याकडे औषध.
सैंदाणे म्हणाला, स्प्रिंग बदल, कडक टाक,
झक मारत चालेल.
बडगुजर म्हणाला, गॅस वाढव, जोर असला की भरवसा असतो.
ईशीबाई म्हणाल्या, तेल पाज गं तिला,
तहानलीय.
आणि ड्रायव्हर, ज्यानं हातात कधी काठीसुद्धा धरली नव्हती,
म्हणाला, आतलं सगळं पॉलिश करून घ्या मॅडम,
आरशासारखं.
मी सगळ्यांना हो म्हटलं.

शस्त्रागारात गुलशेर तडवी, यावलकडचे,
एकतीस वर्षं फुलतरू आणि चिंदी,
नखांच्या कडेला न जाणारं काळं.
मी गाडीतलं सगळं एका दमात ओतलं.
ते पोत्यावर रायफल उघडत होते.

'कडक स्प्रिंग बोल्टला पुरतं मागं जाऊ देत नाही.
मागं गेल्याबिगर पुढची गोळी उचलंल कशी?'
थोड्या वेळानं, स्वतःशीच: 'गॅस वाढवा म्हणे.
बैल दामटला तर गाडी लवकर पोचते, खरं आहे,
मान कुणाची सोलते?'
तेलाबद्दल बोललेच नाहीत.
बोट तेलात बुडवून खिडकीच्या चौकटीवरून फिरवलं,
काळ्या मातीची धूळ, जिनिंगवरून उडालेला बारीक कापूस,
आणि बोट माझ्यासमोर धरलं.
त्यावर चिखल होता.

ड्रायव्हरचं ऐकून मात्र हसले, खोकला लागेपर्यंत.

बोल्ट पाहिला. ठीक. पिस्टन ठीक.
स्प्रिंग दुसऱ्या स्प्रिंगेशेजारी ठेवून मापली,
दोघी सारख्या उंचीच्या बहिणी.
मग त्यांनी मॅगझीन उचललं, जे मी पुसूनसुद्धा आणलं नव्हतं,
कारण डबा तो, डब्यात काय बिघडायचं.
उजेडाकडे धरलं.
वर पत्र्याचे दोन ओठ,
डावा जरा मुडपलेला,
ज्वारीच्या दाण्याइतकाही नाही.
कडेला गंजाचा एक डाग, दुसऱ्याच लोखंडाचा.

'डिसेंबरात बंदोबस्त कुठं होता तुझा, पावरा?'
'सारंगखेड्याला. घोडेबाजारात.'
'तंबू होता?'
'होता.'
पुढे काही विचारलं नाही त्यांनी.

तापीवरून येणारा वारा, कनात फडफडतेय,
पलीकडे एक पांढरी घोडी खुंट्याभोवती गरगरतेय,
हातोडी गाडीत आणि गाडी कुणीतरी नेलेली.
रिकामं मॅगझीन हाताला लागलं.
मेख पाच-सहा टोल्यांत गेली.
त्या रात्री मी छान झोपले होते.

तडवींनी कपाटातून दुसरं मॅगझीन काढलं,
अंगठ्यानं ओठ चाचपले, माझ्या हातात दिलं.
मग रजिस्टर उघडलं, लिहिलं:
बिघाड, मॅगझीन.
पुढचा रकाना, कारण, कोरा ठेवून
रजिस्टर माझ्याकडे सरकवलं
आणि हात धुवायला नळावर गेले,
साबणाची वडी घेऊन, सावकाश.

सैंदाणे दारातून डोकावला:
'स्प्रिंगच निघाली ना?'

पेनाचं टोपण माझ्या दातांत होतं.