एक पॉइंट सहा

झुगदिदीच्या बाजारामागे, अक्रोडाच्या झाडाखाली
बाबाचं गॅरेज. म्हणजे चार खांबांवर एक पत्रा,
आणि लाकडी पेटीत पिवळा मीटर,
त्याची लाल वायर एकदा उंदराने कुरतडलेली.

विसो आला तेव्हा वरच्या शिखरांवर बर्फ पडून गेलं होतं.
त्याची पजेरो जपानहून आलेली, स्टिअरिंग उजवीकडे,
आमचे रस्तेही उजवीकडचे,
त्यामुळे पुढचा ट्रक ओलांडताना समोरचं दिसत नाही.
शेजारी बसलेल्याने सांगायचं: चल, चल, थांब.
शेजारी त्याचा भाऊ बसायचा. जेमाल.
आता तो पोलंडमध्ये कोंबड्या सोलतो.

"तिसरा डायनमो," विसो म्हणाला.
"बॅटरी नवी. मेस्तियात पट्टा बदलला, कुटाइसीत रेग्युलेटर.
तरी सकाळी गाडी मेलेली."
बाबा गप्प.
दुखणं म्हशीला नि डाग पखालीला,
हे तो तोंडाने बोलत नाही. भुवया बोलतात.

मला म्हणाला, बस आत. दिवे लाव, हीटर पूर्ण सोड,
पंधराशेवर धर. काटा हलू देऊ नकोस.
मी बारा वर्षांची झाले तेव्हापासून हेच माझं काम:
पाय पेडलवर, डोळे काट्यावर,
आणि बॉनेटखालच्या फटीतून दिसणारी
बाबाची फक्त मनगटं.

बॅटरीवर बारा पॉइंट सात.
डायनमोच्या बोल्टपासून त्याच्याच अंगापर्यंत
चौदा पॉइंट चार.
"हा तर बक्कळ कमावतोय," बाबा म्हणाला.
"घरी पैसे पोचत नाहीत."
विसो हसला नाही.

मग वाटेचा हिशेब.
लाल बाजू, डायनमो ते बॅटरी: शून्य पॉइंट एक.
एवढं चालतं. एवढं वाटेत कुणाचंही सांडतं.
मग काळी बाजू.
काळ्या बाजूकडे कुणी बघत नाही.
वीज निघाली की नाही एवढं सगळे बघतात,
ती परत कशी येते, हे विचारायला
माणूस थोडा म्हातारा व्हावा लागतो.
एक टोक बॅटरीच्या काळ्या खुंटावर,
दुसरं डायनमोच्या अंगावर.

एक पॉइंट सहा.

आकडा मला दिसला नाही.
मनगटं थांबली, एवढंच दिसलं.

डायनमो उतरवला. मागे ब्रॅकेट: निळी.
जाड, गुळगुळीत, तीन हात रंग,
बोल्टच्या भोकांत आतपर्यंत ब्रश फिरवलेला.
"कुणी रंगवली?"
"जेमालने. जायच्या आदल्या आठवड्यात.
गंजू नये म्हणून. म्हणाला,
मी नसताना तुला कटकट नको."

पत्र्यावर एक अक्रोड पडला. गडगडत खाली आला.

बाबाने काचपेपरचा तुकडा फाडला,
आणि का कोण जाणे, विसोच्या हातात दिला.
विसोने बराच वेळ खरवडलं.
जिथे लोखंडाला लोखंड टेकतं तिथेच,
रुपयाएवढ्या दोन गोल जागा.
बाकीच्या निळ्याला त्याने हात लावला नाही,
उलट बाहीने पुसून घेतलं.

पुन्हा मी आत. दिवे, हीटर, पंधराशे.
बॅटरीवर चौदा पॉइंट एक.
हेडलाइट समोरच्या भिंतीवर पांढरे पडले,
कोबीच्या गोण्यांवर झोपलेलं मांजर उठून गेलं.

विसोने ब्रॅकेटचा फोटो काढला होता, भावाला पाठवायला.
अंगठा बटणावर घेऊन उभा राहिला.
"काय लिहू?"
"लिही, गाडी चालते," बाबा म्हणाला.

मग पैसे मोजून घेतले, वीस लारी, एकही कमी नाही.
आणि गाडी वळत असताना मागून ओरडला:
"ए, ते आधीचे दोन डायनमो कुठल्या भंगारात टाकलेस?
चांगले आहेत ते. मला आणून दे!"