मोरपिशी

साडेनऊला सासूबाई टीव्हीचा आवाज वाढवतात.
पडद्यावरचा साहेब काळा चष्मा काढतो,
गालिच्यावरचा एक केस चिमटीत उचलतो,
जाहिरात संपते न संपते
तोवर खुनी गुडघ्यावर.
"आणि तुम्ही काय करूलालाय हो जावईबापू, दिवसभर?"

मी भाकरी मोडतो.
मी, हेड कॉन्स्टेबल रवळू हलगेकर, खानापूर ठाणे.
जीपला डिझेल असलं तर जीप,
नसलं तर माझीच मोटारसायकल.
साहेबासारखी दाराला लाथ घातली
तर आमचं दार बिजागरीसकट हातात येईल.

शुक्रवारी जांबोटीकडून नागुबाई गुरव आली.
पोरगा, वैजू, तीन दिवस घरी नाही.
ती मराठीत रडत होती, मी कानडीत लिहीत होतो.
वय एकवीस. उजव्या भुवईवर खोक.
"शर्ट कुठल्या रंगाचा?"
"मोरपिशी."
पेन थांबलं. रकाना अर्ध्या बोटाचा.
मागं पासपोर्टवाले,
उसाच्या ट्रॅक्टरवरून भांडत आलेले दोघं,
वर बंदोबस्ताचा फोन.
लिहिलं, नीली.
वाचून दाखवलं. तिनं मान हलवून अंगठा दिला.

रविवारी मलप्रभेच्या खालच्या अंगाला,
दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत,
एक जण काठाला लागला.
बिनतारीवर आलं: हसिरु अंगी. हिरवा शर्ट.
मी टिपून घेतलं आणि पान उलटलं.
आपला तर निळा.

मंगळवारपर्यंत तो तिकडं बर्फावर, बेवारस,
आणि नागुबाई इकडं बाकावर.
चहा मीच पाजत होतो.
"शोधूलालोय, मावशी."

खुनी कुणीच नव्हता.
मोटारीचा फुटबॉल साफ करायला पाण्यात उतरला,
पाय सुटला.
एवढ्यावर कोण मालिका काढतंय?

शवागारात चादर उचलायच्या आधीच
बाजूनं लोंबणारी बाही तिनं ओळखली.
मग माझ्याकडं बघितलं.
शिवी दिली असती तर
लिहून घेतली असती मी, दोन्ही भाषांत.

"गावला बघा!" सासूबाई टाळी वाजवतात.
बाहेर दोरीवर बायकोची साडी,
ट्यूबलाइटखाली कधी निळी, कधी हिरवी.
"ह्याला कुठला रंग म्हणायचं गं?"
"रामा," ती आतूनच म्हणते. "का हो?"
उगाच, म्हणतो मी,
आणि खरकट्या हातानं
खिशातलं पेन चाचपतो.